कुणी राहिलंय का?

लासुर्ण्याला आमचं घर म्हणजे फाट्याच्या कडेला पत्र्याची एक खोली. वडील ट्रॉल्या बनवायच्या दुकानात वेल्डिंग करायचे. काळी काच डोळ्यापुढं धरायची सवय त्यांना कधी लागलीच नाही, आणि त्यात डोळे गेले. पार अंधार झाला नाही, पण माणूस ओळखायचे ते चालीवरून आणि खोकल्यावरून. त्यानंतर घर आईनं ओढलं. उसाची लागण, खुरपणी, आणि हंगामात इंदापूरकडं मामाच्या डाळिंबाच्या बागेत तोडणी. सख्ख्या भावाच्या बागेत रोजानं. दुपारी भाकरी खायला ती बाकीच्या बायांबरोबर बांधावर बसायची. घरात बोलावणं नसायचं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, होतं ते लिहिते.

मी बारावी झाले तेव्हा मामी म्हणाली, "बास की आता. पोरीला शिकवून कलेक्टर करताय व्हय?" दुसऱ्या दिवशी मला घेऊन आई एस.टी.नं बारामतीला आली आणि कॉलेजजवळच्या जळोचीत दारोदार फिरून माझ्यासाठी खोली शोधत राहिली. सगळीकडं नकार खात खात ती ज्या दाराशी थांबली, ते दार तात्यांनी उघडलं.

उंच, पाठीत वाकलेला माणूस. अंगात पांढरा पायजमा आणि बंडी. डावा डोळा मिटलेला आणि उजवा आपल्यावर रोखलेला. मी मागं सरकले. आई मात्र पदर सावरत पुढं झाली.

"तुमी फोटोवालं न्हवं? इंदापूरचं? आमच्या भावाच्या पोरीच्या लग्नात तुमीच हुता."

तात्यांनी तिच्या खांद्याला धरून तिला अंगणातल्या उजेडात उभं केलं. मान जरा तिरकी केली.

"नाव न्हाय आठवत. पर तुमी रुखवताच्या मागं दडला हुता. मी वढून काढलं."

"व्हय," आई म्हणाली आणि लाजली. खोली मिळाली.

तात्यांचा इंदापूरला फोटो स्टुडिओ होता. तो त्यांनी बंद केला, सगळं सामान एकाला देऊन टाकलं, आणि जळोचीत घर बांधून मागच्या दोन खोल्या मुलींना भाड्यानं दिल्या. पण उभ्या जन्माची सवय जात नव्हती. कुणाशीही बोलताना डावा डोळा आपोआप मिटायचा. आपण दोन शब्द बोललो की ते आपल्याला हळूच खिडकीकडं सरकवायचे. ग्रुप फोटो काढायच्या आधी ओरडतात तसं प्रत्येक ठिकाणी विचारायचे, "कुणी राहिलंय का?" गणपतीचा प्रसाद वाटून झाला की, नळाचं पाणी जायच्या आधी, बाहेरच्या फाटकाला कडी घालताना. फाटकाला कडी घालताना ते आमच्याकडं बघून विचारत नसत. रिकाम्या अंगणाकडं बघून विचारायचे, आणि उत्तर यायला लागतो तेवढा वेळ थांबायचे. मग कडी.

माझ्या सोबतची सुरेखा करमाळ्याची. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "बाई, हा म्हातारा कुणाला बोलावतो गं?"

पुढच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता. त्याला ते पेटी म्हणायचे. त्यावर बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा इस्त्री करून घातलेला असायचा. पेटीला सीडीचे तीन ड्राइव्ह होते, वेगवेगळ्या कंपन्यांचे. "एकाला जे दिसत न्हाय ते दुसऱ्याला दिसतं," ते म्हणायचे. दिवसभर काम एकच. लोकांच्या जुन्या सीड्या आणायच्या आणि नव्या सीडीवर उतरवायच्या. पैसे घेत नसत. लग्नाच्या फोटोंच्या, बारशाच्या, साखरपुड्याच्या, कुणाच्या निवृत्तीच्या. सीडी मध्यातून बाहेर, सरळ रेषेत पुसायची. गोल फिरवून पुसली तर ओरडायचे. पुसायला धोतराचं जुनं, धुऊन मऊ झालेलं फडकं. राईट करायचा वेग नेहमी सगळ्यात कमी. राईट चालू असताना घरात मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही, हसायचं नाही. "हात हालला की माणूस हालतं," ते म्हणायचे.

उतरवलेल्या सीड्या ते त्यांच्या आणि आमच्याही तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. दमट हवेनं बुरशी धरू नये म्हणून, हे कारण मला पटायचं. पण भात लावायला डब्यात हात घातला की बोटांना आधी ते गुळगुळीत, थंड, गोल लागायचं, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. तात्या मागून म्हणायचे, "बेतानं. माणसं झोपल्यात."

दुपारी लाइट असली की भिंतीपलीकडून आवाज यायचा. आधी घरघर, मग बारीक शीळ, मग टक. टक. टक. ड्राइव्ह अडला की असं वाजतं. दुसरा कोणी असता तर त्यानं सीडी बाहेर काढून फेकली असती. तात्या खुर्ची पुढं ओढून पेटीला कान लावायचे, आणि मग आम्हाला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. "या की. या. उजेडात या जरा."

एकदा सुरेखा तिच्या बहिणीच्या बाळाच्या फोटोंची सीडी घेऊन त्यांच्याकडं गेली. मी सोबत होते. कॉपी निम्म्यावर आली आणि स्क्रीनवर ती नेहमीची खिडकी उघडली. ही फाइल वाचता येत नाही, काय करू? खाली तीन बटणं, परत प्रयत्न, गाळा, रद्द. स्किप, आपण सगळे दाबतो ते. सुरेखानं माऊसकडं हात नेला.

तात्यांनी तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सुरेखानं हात मागं घेतला.

"स्किप करायचं न्हाय," ते म्हणाले. "ह्या घरात न्हाय."

मग सीडी बाहेर काढली, पुसली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. तिथं अडली. तिसऱ्यात घातली. तिसऱ्यात गेली. बाळ आलं. तात्यांनी त्याच्याकडं एका डोळ्यानं बघितलं आणि सीडी सुरेखाच्या हातात दिली. ती निघून गेल्यावर मला म्हणाले, "बस."

स्टुडिओ चालू होता तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांच्या लेकीचं लग्न होतं. फोटो त्यांनीच काढलेले. जावयाकडं पाठवायला सीडीच्या प्रती करत होते. स्टुडिओत गिऱ्हाइकं उभी, लोडशेडिंगची वेळ जवळ आलेली. एक फाइल अडली. पेटीनं विचारलं. त्यांनी स्किप दाबलं. बाकी सगळं उतरलं, ट्रे बाहेर आला, सीडी गरम होती. "गरम हुती," हे त्यांनी दोनदा सांगितलं. दिवाळीत बायको गेली. भिंतीला लावायला फोटो हवा म्हणून शोधायला बसले तर तिचा एकटीचा असा एकच निघाला, आणि तो त्या सीडीवरचाच, गाळलेला. मूळ सीडीवर तोवर काहीच उघडेना.

"तात्या, त्याचा आणि काकूंच्या जाण्याचा काय संबंध?" मी विचारलं. मी कॉम्प्युटर सायन्सला होते. तोंडावर बोलायची मला सवय आहे.

"मी कुठं म्हनतो संबंध हाय? पर विचारलं हुतं मला त्यानं. ह्या बाईचं काय करू, म्हनून विचारलं. मी म्हणलं, गाळ."

त्यानंतर स्टुडिओ बंद झाला.

जळोचीतल्या लोकांना तात्यांची भीती वाटायची, ती मात्र वेगळ्या कारणानं. सीडीवर जो फोटो अडतो, त्यातल्या माणसाचं काही खरं नाही, अशी बोलवा होती. काटेवाडीचा एक दूधवाला होता, धडधाकट, मिशीला पीळ घालणारा. पुतण्याच्या साखरपुड्याच्या सीडीत ह्याचाच फोटो उघडेना. तो स्वतः हसत तात्यांच्या ओसरीवर आला.

"काय तात्या, मला वर पाठवताय म्हणं?"

"न्हाय बाबा. खाली उतरवतोय," तात्या म्हणाले. "येत न्हाईस तू. दवाखान्यात जाऊन ये जरा."

"म्हशी कोण पिळणार? तुमी?"

चहा पिऊन गेला. पुढच्या महिन्यात गोठ्यातच गेला. अशा आणखीही गोष्टी सांगायचे लोक. तात्या पिशवी घेऊन गल्लीत निघाले की बायका दारं लोटून घ्यायच्या. लहान पोरं घरातल्या सीड्या गादीखाली सारायची.

मी आमच्या सरांना विचारलं होतं. सीडीवर माहिती रंगाच्या थरात असते; ऊन लागलं, ओरखडा गेला, की त्या जागेवरचं जातं. कुणाचा फोटो त्या जागी आहे हे सीडीला कळत नाही. सर म्हणाले ते बरोबर होतं, आणि मी तेच सुरेखाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तू तुझ्या घरची सीडी दे की त्यांना." मी म्हटलं, आमच्या घरी सीडी कुठली असायला?

आमच्या भागात, विशेषतः इंदापूरकडं, सीड्यांचं शेवटी काय होतं ते सांगायला हवं. घरातला प्लेअर बिघडला, मोबाइल आले, की सीड्या बागेत जातात. मधल्या भोकातून सुतळी ओवायची आणि डाळिंबाच्या फांदीला टांगायची. वाऱ्यानं फिरते, उन्हात चमकते, पाखरं येत नाहीत. एका सुट्टीत मी आईबरोबर मामाच्या बागेत तोडणीला गेले होते. ऐन दुपार. झाडाझाडाला सीड्या फिरत होत्या आणि उजेडाचे ठिपके आमच्या हातांवरून, तोंडावरून, पानांवरून सरकत होते. एक पाखरू नाही. एवढ्या मोठ्या बागेत नुसती सुतळीची करकर. आणि त्या झाडांमधून तात्या येताना दिसले. मोपेड बांधावर लावलेली, खांद्याला पोतं. प्रत्येक सीडीपाशी थांबत होते, हातानं फिरायची थांबवत होते, वरचं लिहिलेलं वाचत होते.

"हे बारसं," ते आपल्याशीच बोलत होते. "हे लगीन. हे बी लगीनच."

मामा ओरडला, "तात्या, त्याला हात लावू नगा. पाखरं पडतील फळावर."

"दुसरं कायतरी टांगा की. माणसं कशाला टांगताय?"

"माणसं?" मामा बायांकडं बघून हसला. "बरं, काढा. पर मग तुमी बसायचं झाडावर, हुश हुश करत."

"बसतो. ह्यांना उतरू द्या आधी."

मामानं उतरू दिलं नाही. तात्या रिकामं पोतं घेऊन परत गेले. जाताना बागेकडं वळून त्यांनी विचारलं, "कुणी राहिलंय का?" आई माझ्या शेजारी होती. तिनं तोडलेलं डाळिंब तसंच हातात धरून ठेवलं होतं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

शेवटच्या वर्षाला आमचा प्रोजेक्ट होता, दूध संकलनाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. काळ्या बाइंडिंगचा रिपोर्ट आणि त्याच्या पाठीमागच्या खिशात सीडी, असं द्यायचं होतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर जळोचीत आला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवून गेला. आत भाकरी, चटणी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी. भोकात सुतळीचा तुकडा तसाच होता. मामाच्या बागेतली. मागचा रंग उडून इतका पांढुरका झाला होता की उन्हात धरली तर पलीकडची माझी बोटं दिसत होती.

दोन दिवस आधी आईनं मामाच्या मोबाइलवरून मला फोन केला होता. "त्या लग्नाची सीडी झाडावर घावली. त्यात माजा फोटो हाय. त्यो मोठा करून ठेव."

"आत्ताच कशाला? घाई आहे का?"

"घाई न्हाय. तुजं पेपर झालं की कर. मतदानाच्या कार्डावर मी भुतावानी दिसती, म्हनून म्हणलं."

मी हसले होते. फोन ठेवला होता.

तात्यांनी सीडी हातात घेतली आणि वरचं अक्षर बघून म्हणाले, "माज्याच हातची." सुतळी कापली. पुसली. कॉपी सुरू झाली. मी माझ्या प्रोजेक्टच्या प्रती तिथंच करून घ्याव्यात म्हणून शेजारी बसले होते. हळद आली, मंडप आला, अक्षता आल्या. मग घरघर, शीळ, आणि टक.

दुसरा ड्राइव्ह. टक. तिसरा. टक.

एक सोडून बाकी सगळे फोटो आले.

तात्यांनी अडलेल्याच्या आधीचा फोटो उघडला. रुखवत, त्यात पितळी ताटं आणि शेवटाला स्टीलचा हंडा. नंतरचा उघडला. रुखवतच, पण दुसऱ्या बाजूनं, आणि त्यासमोर मामी. त्यांनी डावा डोळा मिटला.

"मधी तुजी आई," ते म्हणाले.

मी म्हटलं, "ऊन लागलंय तात्या. वर्षभर झाडावर होती. रंग उडालाय."

"व्हय. ऊन लागलंय." त्यांनी सीडी ट्रेतून काढून उजेडाला धरली. मग म्हणाले, "ही सीडी मागितली कुणी?"

"कुणी मागितली नाही. आईनंच पाठवली. फोटो मोठा करून ठेव म्हणाली."

तात्या खुर्चीतून उठले.

"पोरी, मी जन्मभर फोटो काढलं. बाईमाणूस लेकराचा फोटो मागतं, नवऱ्याचा मागतं. सोताचा एकटीचा, मोठा करून, असं कुणी मागत न्हाय. मागतं तवा त्येनं मनात काय तरी धरलेलं असतं. दूधवाल्याची सीडी बी त्येच्या बायकूनं आणली हुती. ती बघत हुती त्येच्याकडं. तिला दिसत हुतं." ते माझ्याकडं दोन्ही डोळ्यांनी बघत होते. तसं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "जा घरी. आत्ता जा."

"उद्या प्रोजेक्ट द्यायचाय. नाही दिला तर वर्ष जाईल."

"प्रोजेक्ट मी देतो. ह्या बाईला मी हितं बघतो, तू तितं बघ."

माझा विश्वास नव्हता. हे मी आजही सांगते. पण मी उठले, स्टँडवर गेले आणि मिळेल त्या गाडीत बसले. सगळ्या रस्त्यानं माझ्या कानात ते टक, टक चाललं होतं. मी स्वतःला सांगत होते की ते गाडीच्या खिडकीचं आहे.

घरी पोचले तेव्हा उन्हं होती, आणि आई घरात होती. उन्हं असताना मी आईला घरात कधी बघितलं नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून निजली होती. तिची नखं कागदासारखी पांढरी होती. वडील उंबऱ्यात बसले होते. माझी पावलं ओळखून त्यांनी मान वर केली.

"आलीस? बरं झालं. तिची पावलं बदलल्यात. लई दिस ऐकतोय मी. पयल्यासारखी टाच टेकत न्हाय ती."

"मग सांगितलं का नाही?"

"शपथ घातलीय तिनं. तुजी परीक्षा हुईस्तवर."

महिनोन् महिने अंगावरून जात होतं, आणि ती ते लुगड्याच्या घड्यांत लपवून तोडणीला जात होती. त्याच संध्याकाळी शेजारच्यांची जीप करून आम्ही तिला बारामतीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. अंगात रक्तच राहिलं नव्हतं. आधी रक्त चढवायचं, मग गर्भपिशवी काढायची, असं डॉक्टर म्हणाले. आणखी थोडे दिवस गेले असते तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या वॉर्डच्या दारात आले. आधी माझ्याकडं बघून म्हणाले, "दिला." नंतर आमच्या सरांनीच मला सगळं सांगितलं. तात्या डिपार्टमेंटमध्ये रिपोर्ट घेऊन उभे राहिले होते आणि सीडी त्यांच्यासमोर घालून प्रत्येक फाइल उघडून दाखवल्याशिवाय हलायला तयार नव्हते. सर म्हणाले, "तुझे आजोबा आहेत का ते? सगळं उघडून झाल्यावर मला विचारतात, कुणी राहिलंय का. मी काय सांगणार?"

मग तात्या आईच्या कॉटजवळ आले. तिला रक्त चढत होतं.

"केस आलं," ते म्हणाले. "भांग आला. कुंकवाच्या वर अडलंय."

अशा सीडीतून थेंब थेंब वाचून काढणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जातं. कधी वाचायला येतं, कधी नाही. जेवढं येतं तेवढा फोटो वरून खाली उघडतो, बाकीचा राखाडी राहतो. हे मला माहीत होतं, आणि त्यात नवल काही नाही. तात्या दिवसभर पेटीपुढं बसायचे, लाइट गेली की दवाखान्यात यायचे आणि तिला सांगून जायचे. शेजारच्या कॉटवरच्या बाया त्यांना घाबरायच्या. नर्स म्हणाली, "हे बाबा रोज काय मोजून जातात?"

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "डोळं आलं."

आईनं पडल्या पडल्या विचारलं, "उघडं हायत का?"

"उघडं हायत. माज्याकडंच बघतीया तुमी. रागानं."

"राग आलावताच. बळंच उभं केलंवतं."

तिला आत नेलं. ऑपरेशन नीट झालं. पण तिसऱ्या दिवशी तात्या आले ते दारातच थांबले. आत आले नाहीत. मी बाहेर गेले तर त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"हनवटी आली हुती. आज सकाळी बघतो तर न्हाय. डोळ्यापत्तर परत राखाडी झालंय."

मी काही बोलणार इतक्यात आतून नर्सनं मला हाक मारली. आईला ताप भरला होता, ती थरथरत होती, टाक्यांत पू झाला होता. मी वळून बघितलं तर तात्या जिन्यावरून खाली धावत होते. त्या वयाचा माणूस. चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या.

तो दिवस कसा गेला ते मी लिहिणार नाही. मी फक्त एवढं सांगते की मला सगळं माहीत असूनही, सीडी काय असते, ताप काय असतो, दोन्ही पक्कं माहीत असूनही, मी दिवसभर आईच्या हनवटीकडं बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं अंग घामानं भिजलं आणि तापाचा पारा खाली यायला लागला. तात्या आले तेव्हा ती चहा मागत होती.

"आली," ते म्हणाले, आणि कॉटच्या पायाशी खालीच बसले. "हनवटी बी आली, गळा बी आला. हंडा आला शेजारचा."

आई घरी यायच्या आधी फोटोत ती कमरेपर्यंतची आली, मग लुगड्याच्या काठापर्यंत. त्याखाली एक राखाडी पट्टी राहिली. तिथून पुढं सीडी काही केल्या हलेना. तात्यांनी फोटो मोठा करून, काच घालून आणला. आईनं तो मांडीवर घेतला. तिच्या एकटीचा तो पहिलाच. बराच वेळ बघून म्हणाली, "माजं पाय कुठं हायत?"

"ते बाहेर हायत," तात्या म्हणाले. "चालायला लागत्यात."

मामा बघायला आला होता, त्यानं विचारलं, "तात्या, पैसं किती द्यायचं?" तात्या म्हणाले, "बागेतली समदी माणसं उतरवा." मामानं पुढच्या आठवड्यात बागेला जाळी मारली आणि सीड्यांचं पोतं मोपेडवर आणून दिलं. त्यातल्या किती उघडल्या, मला माहीत नाही. आमच्या खोलीत भात मात्र त्यानंतर सुरेखानं लावला नाही.

मी नोकरीला लागल्यानंतर काही वर्षांनी तात्या गेले. त्यांच्या लेकीनं मला फोन केला. फ्लेक्सला लावायला वडिलांचा फोटो मिळत नव्हता. आम्ही दोघींनी तांदळाचे डबे उपसले, सीडीमागून सीडी लावली. सगळ्या गावाची माणसं होती. तात्या एकातही नव्हते. ते नेहमी कॅमेऱ्याच्या मागं. शेवटी मतदानाच्या कार्डावरचा फोटो मोठा करून लावला, आणि त्यात ते खरंच भुतासारखे दिसत होते.

घरी आल्यावर मी आईचा फोटो भिंतीवरून काढून उजेडात धरला. आईच्या शेजारी रुखवतातला स्टीलचा हंडा आहे. त्याच्या चकचकीत पोटावर एक बारीक, वाकलेला माणूस उमटलेला आहे. उंच. डोळ्याला कॅमेरा लावलेला, आणि दुसरा हात वर केलेला, कुणी राहिलंय का विचारताना करतात तसा. मी आईला दाखवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "मला म्हाईत हाय. रोज बघती मी."

मी कॉपी करताना अजूनही स्किप दाबत नाही. ऑफिसात हसतात. हसू देत.

मी बी.एस्सी. झाले, फर्स्ट क्लास मिळाला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. लासुर्ण्याला आता पक्क्या दोन खोल्या आहेत, आणि पुढच्या खोलीत आईचा तो फोटो आहे. सणासुदीला पाहुणे येतात, भिंतीकडं बघून आवाज खाली करतात, आणि तेवढ्यात आई आतून चहा घेऊन येते. वडील तिची पावलं ऐकून सांगतात, टाच टेकतीय. फोटोला हार नाही.